आर्द्रा जागेवर आहे

“सोमवारी दिवेलागण होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, वैजू. घराला आग लागली तर बादली उचलायची, बोंब मारायची नाही.”

हे माझ्या आईचं सांगणं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण दर सोमवारी चहाच्या आधी तिचा आवाज हजर असतो. तशी माझी जवळजवळ प्रत्येक वाराशी काही ना काही बांधिलकी आहे. सोमवारी मौन, मंगळवारी अळणी, गुरुवारी एकभुक्त, शुक्रवारी आंबट वर्ज्य, शनिवारी उपास. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, “आमच्याकडे जेवायचं तर बुधवारी नाहीतर रविवारी या. बाकीचे दिवस देवांनी बुक केलेत.” यावर मी काही बोलत नाही. सोमवार असेल तर बोलता येत नाही, आणि इतर वारी मी इतकं हळू बोलते की ह्यांना ऐकू येत नाही.

तर घराला आग काही लागली नाही. लागणार होती ती आकाशात, आणि बादली पोचण्यासारखी नव्हती.

ते वर्ष मुळातच आकाशाचं आणि देवांचं होतं. भाद्रपदात गणपती दूध प्यायले. दिवाळीत सूर्याला ग्रहण लागलं. आमच्या नेरूळच्या सोसायटीत दोन्ही वेळा उत्साह सारखाच होता. ग्रहण बघायला ह्यांनी स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे डोळ्यांपुढे धरला होता. सूर्य कमी आणि गुडघ्याची वाटीच जास्त दिसली. पण तेव्हापासून आपल्याला आकाशातलं कळतं असा ह्यांचा समज झाला, आणि पुढचं सगळं त्या समजातून झालं.

मार्गशीर्षात आमच्या ऋताचं लग्न ठरलं. मुलगा शौनक, खांदेश्वरचा, महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. गुण छत्तीसपैकी अठ्ठावीस जुळले. उरलेले आठ दोघांनी वाशीला भेळ खात जुळवले असावेत, कारण ऋता घरी आली की विनाकारण भांडी घासायची. पौषात लग्न करत नाहीत, म्हणून माघातली गोरज मुहूर्ताची तिथी धरली. हॉल मिळाला. आता फक्त पत्रिका छापायच्या होत्या.

आणि एका सोमवारी सकाळी शौनकच्या आई, विजयमालाबाई, न कळवता दारात उभ्या. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. हे ऑफिसला, ऋताही कामावर, आणि मी मौनात. मी हात जोडले, पाट मांडला, पाणी दिलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

“ऋताचं जन्मनक्षत्र आर्द्राच ना?”

मी मान हलवली.

“मग हे वाचा.”

मी वाचलं. आर्द्रा नक्षत्राचा तारा, ज्याला काक्षी म्हणतात, तो लाल आणि राक्षसी आकाराचा आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी गिळून मंगळापर्यंत पोचेल. त्याचं जळण संपत आलंय. संपलं की तो स्वतःतच कोसळणार आणि त्याचा स्फोट होणार. मग तो भरदुपारी दिसेल, रात्री त्याच्या उजेडात सावल्या पडतील, असे काही महिने जातील. आणि त्यानंतर ती जागा साध्या डोळ्यांना रिकामी दिसेल. हे उद्याही घडू शकतं, असं लिहिलं होतं. ‘किंवा लाख वर्षांनी’ हे शब्द पुढच्या ओळीत होते, पण ती ओळ कात्रीत अर्धी गेली होती.

“म्हणजे मुलीचं नक्षत्रच फुटणार,” त्या म्हणाल्या. “माझ्या सुनेचं नक्षत्र दिवसाढवळ्या पेटणार आणि मग नाहीसं होणार. तुम्हाला हे माहीत होतं?”

आता इथे माणूस काय करील? मी अर्ध्या कापलेल्या ‘लाख’वर बोट ठेवलं आणि दोन्ही हात लांब पसरून दाखवले, की अहो, एवढा काळ आहे. त्या घाबरून मागे सरकल्या. “एवढा मोठा स्फोट?”

लिहून का दाखवलं नाही, असं कोणी विचारील. आईचं म्हणणं होतं की पाटीवर लिहिणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं. तेवढ्यात समोरच्या शेवंताबाई वाटीभर साखर मागायला आल्या. त्यांना माझं मौन पाठ आहे आणि माझ्या खुणा आपल्याला कळतात असा त्यांचा दावाही आहे. मी त्यांना डोळ्यांनी विनवलं. आकाशाकडे बोट दाखवलं, नाही म्हणून हात हलवला, छातीवर हात ठेवला. म्हणजे, तिथं काही होत नाही, निश्चिंत राहा.

शेवंताबाईंनी गंभीरपणे भाषांतर केलं, “त्यांचं म्हणणं, वरच्याच्या हातात आहे, आपल्या हातात काही नाही, आणि त्यांच्या छातीत दुखतंय.”

विजयमालाबाई उठल्या. वाईट बाई नव्हेत त्या. दारात थांबून हळूच म्हणाल्या, “लग्न मोडते असं नाही म्हणत मी. पण पत्रिका एवढ्यात छापू नका. आणि तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, हे मला फार लागलं.”

दिवेलागणीला माझं मौन सुटलं तेव्हा ऐकायला फक्त शेवंताबाई होत्या. विजयमालाबाईंना फोन करून खुलासा करायचा धीर मला होईना.

रात्री ऋताने सगळं ऐकून घेतलं. ती माझ्यासारखी नाही, तिचा आवाज खणखणीत आहे, पण त्या दिवशी हळूच म्हणाली, “आई, शौनक मला आवडतो. आणि दुसऱ्या नक्षत्रावर मला आता जन्म घेता येणार नाही.” मग आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत बातमी पोचली होती. एरवी आमच्याकडे पाणी येत नाही ही बातमीही दुपारपर्यंत कळत नाही. ही जिन्यातल्या जिन्यात सगळ्या मजल्यांवर गेली. सल्ल्यांना सुरुवात झाली. पहिल्या मजल्यावरून सुचवलं, रुद्राची शांत करून घ्या, आर्द्रेची देवता रुद्रच. दुसऱ्या मजल्यावरून, मुलीचं लग्न आधी पिंपळाशी लावा, फुटायचं ते पिंपळावर फुटेल. शेवंताबाईंनी सगळ्यात सोपा उपाय काढला. “जन्मवेळ थोडी अलीकडे घ्या. जरा आधी मृगच होतं ना? डॉक्टरांचं घड्याळ पुढे होतं म्हणून सांगा. कोण बघायला होतं?”

“मी होते,” मी म्हटलं.

“तुम्ही काय वैजयंतीताई, तुम्ही तेव्हा घड्याळ बघत होतात का?”

बघत होते. त्या वेळी घड्याळाशिवाय दुसरं बघण्यासारखं त्या खोलीत काही नव्हतं. आणि देवाला रोज फुलं घालणाऱ्या बाईने मुलीचं नक्षत्र इंचभर सरकवायचं, तर मग उद्यापासून फुलं कुठल्या हाताने घालायची? मी नाही म्हटलं. शेवंताबाईंना राग आला. साखरेची वाटी परत आली नाही ती नाहीच.

हे मात्र पेटले होते, काक्षीच्या आधी. “त्यांना इथं बोलवू. गच्चीवर नेऊ. तारा बोटाने दाखवू. आहे का जागेवर? आहे. धडधाकट, शाबूत. संपलं! डोळ्यांनी पाहिल्यावर कोण काय बोलेल?” मला वाटलं, मग डॉक्टरांनीही रोग्याला लांबूनच बघावं, उभा दिसतोय ना, मग ठणठणीत. पण मुलीच्या बापाला काहीतरी करायला हवं असतं, आणि हे काहीतरी फुकट होतं.

संध्याकाळी दोघं गच्चीवर गेलो. चौकातल्या उंच खांबावरचा पिवळा दिवा आमच्या गच्चीच्या बरोबर नाकासमोर. त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता यायचं, पापड वाळवता आले असते, पण तारा म्हणून एक दिसेना. हे एक्स-रे घेऊन आले होते. तो मी हळूच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी हे अर्धी रजा टाकून दिव्यांच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब चांगल्या स्वभावाचा निघाला, हीच अडचण झाली. वाईट असता तर लवकर सुटका झाली असती. त्याने चहा मागवला आणि समजावलं, “दिवा बंद असला की तक्रार घेतो आम्ही. दिवा चालू असल्याची तक्रार घ्यायची सोय नाही.”

“एक संध्याकाळ बंद ठेवा फक्त. मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे.”

“लग्नात लोक जादा दिवे मागतात हो.”

“तारा दाखवायचाय विहीणबाईंना.”

साहेबाने चष्मा काढून ह्यांच्याकडे पाहिलं. “असं करा, तो आपोआप बंद पडायची वाट बघा. आमचे दिवे पडतात बंद. आणि एकदा पडला की मग निदान दोन महिने तुम्हाला कोणी त्रास देणार नाही, हा माझा शब्द.”

हे घरी येऊन म्हणाले, “मी त्या खांबाला दगड मारणार आहे.” ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मारुतीला नारळ फोडताना स्वतःचं बोट वाचवलं, तो खांबाला दगड मारणार!  पण ती धमकी आमचे सेक्रेटरी धर्मराज यांच्या कानावर गेलं.

धर्मराज जवळच्याच, खाडीकाठच्या सारसोळ्याचे. वाडवडिलांची होडी होती. आता धर्मराज वाळू-विटा पुरवतात आणि आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट बाळगून आहेत. कुठल्याही संकटात ते आधी हसतात, मग टेम्पो काढतात.

“वयनी, टेन्शन कनाला घेता?” ते दारातूनच म्हणाले. “आमचे सारसोल्याला चला. धक्क्यावर निसता काळोख हाय. आख्खा आभाल आपलाच. इयीनबाईंना खुर्ची टाकू, चाय पाजू, तारा दाखवू. टेम्पो माझा.”

“घरचेच चार जण जाऊ,” मी म्हटलं.

“घरचेच,” धर्मराज म्हणाले.

रविवारी संध्याकाळी टेम्पोत सोसायटीचे सगळे मजले बसले होते. कोणी सतरंजी आणली होती, कोणी पोहे. पहिल्या मजल्यावरच्यांनी ग्रहणाचे काळे चष्मे आणले होते, फुटलाच तर डोळ्यांना त्रास नको. शेवंताबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण आल्या होत्या. अबोला जमिनीवरच्या गोष्टींपुरताच असावा.

विजयमालाबाई शौनकबरोबर रिक्षाने आल्या. जरीची साडी, केसांत गजरा. आणि धक्क्यावर त्यांची खुर्ची नेमकी जिथं मांडली होती, तिच्या मागेच काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. शाकाहारी बाई. पदराचं टोक जे नाकाला गेलं ते खाली आलंच नाही. धर्मराजांच्या आई, गोजराबाई, स्वतः चहा घेऊन आल्या. कपाकडे विजयमालाबाईंनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी फक्त शुक्रवारी लिंबाकडे पाहते.

“घे गो बाय,” गोजराबाई म्हणाल्या, “चायमधी म्हावरा नाय टाकत आमी.”

सगळे हसले. विजयमालाबाईही पदराआडून हसल्या असाव्यात, कारण पदर हलला. मला जरा धीर आला.

खाडीवर खरंच काळोख होता. पूर्वेला पारसिकच्या डोंगरावर मृग वर आलेलं, त्याला लागूनच आर्द्रा. हे पुढे झाले आणि कीर्तनकारासारखा हात वर करून म्हणाले, “तो बघा! तो लाल! आर्द्रा! जागेवर आहे की नाही?”

“कुठला लाल?” विजयमालाबाईंनी विचारलं.

त्याच क्षणी डोंगरामागून एक लाल ठिणगी वर आली. उघडझाप करत, वाढत वाढत. शेवंताबाई किंचाळल्या, “फुटला! फुटला गं बाई!”

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात आमच्या सोसायटीची शोभा नाही. काळे चष्मे चढले. चष्मे चढल्यामुळे कोणाला काही दिसेना, म्हणून पोह्यांच्या पातेल्यात पाय पडला. पहिला मजला रुद्र म्हणू लागला. ह्यांनी सगळ्यात आधी माझा हात धरला, हे मी नोंदवून ठेवते. एरवी चारचौघांत कधी धरत नाहीत. विजयमालाबाईंचा चहा जरीच्या साडीवर. आणि मग घूं घूं आवाज करत ते सांताक्रूझला उतरणारं विमान आमच्या डोक्यावरून गेलं.

“इमान हाय ता,” गोजराबाई म्हणाल्या आणि कप गोळा करायला लागल्या.

लाजेने कोणी कोणाकडे बघेना. तेवढ्यात शौनक पुढे आला. गुणी मुलगा, आईला समजवावं हाच हेतू. आईपुढे उकिडवा बसून म्हणाला, “आई, तू उगाच घाबरतेस. तो इतका लांब आहे की त्याचा उजेड इथं यायला पाचेकशे वर्षं लागतात. आपण बघतोय तो शिवाजी महाराजांच्याही आधीचा उजेड. काय सांगावं, तो कधीच फुटलाही असेल!”

ऋताने कपाळाला हात लावला.

“फुटला असेल?” विजयमालाबाईंचा आवाज बारीक झाला. “म्हणजे तो नाहीच? मेलेलं नक्षत्र? अरे, मग सुतकात लग्न लावायचं का आपण?”

सगळा धक्का गप्प.  ऋता माझ्याकडे बघत होती. भांडी घासायला तिथं काही नव्हतं.

मी पुढे झाले. हळूच बोलले, पण त्या शांततेत पहिल्यांदाच माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“विजयमालाबाई, शास्त्र असं आहे. माणूस परगावी वारला आणि बातमी उशिरा आली, तर सुतक बातमी कानावर पडल्यावर. बातमी नाही, तर सुतक नाही. वर्ष उलटून बातमी आली, तर नुसतं स्नान. इथं पाचशे वर्षं उलटलीत. उद्या बातमी आलीच, तर आपल्याला फार तर एक अंघोळ लागेल. ती आपण तशीही करतोच.”

कोणीतरी खुदकन हसलं. मला तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आठवडाभर न बोललेलं सगळं तोंडाशी आलं होतं. मी पुढे म्हटलं, “आणि लग्नघरात अशी बातमी कोणी आत येऊ देत नाही. अक्षता पडेपर्यंत दाराबाहेर थोपवतात. देवाने उजेडाला इतकं लांबून चालत यायला लावलंय, ते त्यासाठीच असेल.”

सगळ्यांनी वा म्हटलं. विजयमालाबाईंनी म्हटलं नाही. पदर त्यांनी नाकावरून खाली घेतला होता.

“माझ्या लग्नात थोपवली होती,” त्या म्हणाल्या. “माझा मामा. अंतरपाटाच्या वेळी मामाने पाठीशी उभं राहायचं असतं ना? तो यायचा होता. मला म्हणाले, त्याची एसटी चुकली. मी आपली प्रत्येक मंगलाष्टकाला मागे वळून दाराकडे बघत होते. फोटोत हसतेय मी. दोन दिवस आधी तो गेला होता, आणि मांडवात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.”

माझं शास्त्र तिथंच बसलं. मी त्यांच्या साडीवरचा चहा माझ्या पदराने टिपायला लागले.

“तारा फुटो नाहीतर राहो,” त्या म्हणाल्या. “त्याने ऋता वाईट होत नाही, एवढं मलाही कळतं. पण मला कोणी गप्प राहून फसवू नये. त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात, आणि मला तोच मांडव आठवला.”

“त्या दिवशी माझं मौन होतं हो,” मी म्हटलं, आणि सोमवारचं सगळं सांगितलं, पसरलेले हातसुद्धा. छातीतल्या दुखण्यापाशी आल्यावर त्या इतक्या हसल्या की गजरा सुटला.

मग मी त्यांचा हात हातात घेतला. “अक्षता पडेपर्यंत रोज संध्याकाळी मी तो तारा बघेन. जे दिसेल ते तुम्हाला सांगेन. जसं असेल तसं.”

“लग्नाच्या दिवशीही?”

“लग्नाच्या दिवशीही. अक्षतांच्या आधी.”

“छापा पत्रिका,” विजयमालाबाई म्हणाल्या.

अशी माझ्या व्रतांत आणखी एकाची भर पडली. रोज दिवेलागणीनंतर मी सारसोळ्याच्या धक्क्यापर्यंत चालत जायची, वर बघायची, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून खांदेश्वरला फोन लावायची आणि सांगायची, “आर्द्रा जागेवर आहे.” पलीकडून उत्तर यायचं, “जेवलात का?” हळूहळू त्या जेवणाचं बोलणं लांबत गेलं आणि ताऱ्याचं आखडत गेलं. बूथवाल्याला वाटायचं, आर्द्रा ही आमची कोणी आजारी नातेवाईक. तो माझ्याकडे तिची चौकशी करायचा.

आणि लग्नाचा दिवस उजाडला. गोरज मुहूर्त, पण खांदेश्वरची बस रस्ता चुकून भलत्याच सेक्टरात दुसऱ्याच्या साखरपुड्यात जाऊन पोचली. तिथं त्यांना सरबत दिलं गेलं, म्हणून चूक लक्षात यायला वेळ लागला. वऱ्हाड आलं तेव्हा गोरज सरून चांगला अंधार पडला होता. गुरुजी घाईवर आले. अंतरपाट धरला गेला. ऋता हिरव्या शालूत, मामा पाठीशी. माझा भाऊ वेळेवर आला होता, आणि विजयमालाबाईंनी सगळ्यात आधी त्याच्याकडेच पाहिलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नुसत्या भुवया वर केल्या. छताकडे.

ह्यांनी ते टिपलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आजचा दिवस राहू दे, वैजू. असेल तो. आणि नसलाच, तर? आत येऊन काय सांगशील? पोरगी उभी आहे तिथं.”

ऋताचे पाय मला अंतरपाटाखाली दिसत होते. मेंदी लावलेले, अंगठा जमिनीत रोवून. मला भीती वाटली नाही असं नाही. वर्तमानपत्रात ‘उद्या’ लिहिलं होतं, आणि कुठला ना कुठला दिवस तो उद्या असणारच.

गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं. मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात. तिने त्या वेळी तुळशीला पाणी घालायचं असतं. हॉलवाल्यांनी त्यासाठी मागच्या अंगणात एक कुंडी ठेवलेली असते. मी तांब्या भरून घेतला, विजयमालाबाईंना मान हलवून खूण केली, आणि मागचं दार उघडून बाहेर पडले.